साठ पेट्या

१२ फेब्रुवारी

टिल्लू,

सुरुवात कशी करायची या विचारात दोन कागद फुकट गेले, म्हणून शेवटी नुसतं नाव लिहिलं. तू सहा फूट वाढलास, टक्कल पडायला लागलं, तरी माझ्या तोंडात हेच नाव बसलंय. आवडत नसेल तर कळव. त्या निमित्तानं निदान एक ओळ तरी येईल.

कामाचं लिहिते. त्या रिटायर्ड पोस्टमास्तरांचं पत्र आलंय. दर महिन्याला येतंच. गेल्या खेपेला त्यांनी आपल्या ठोकळ्यांचा दुधाच्या पातेल्यावर पहारा बसवला होता. बॅटरीचा ठोकळा, बटणाचा ठोकळा आणि भोंग्याचा ठोकळा कडांच्या चुंबकांनी एकमेकांना जोडले आणि बटण झाकणाखाली ठेवलं. मांजरानं झाकण हलवलं की भोंगा वाजणार. पहिल्या दिवशी मांजर घाबरून पळालं. दुसऱ्या दिवसापासून भोंगा वाजला की दूध तयार, असं समजून शेजारची दोन मांजरंही यायला लागली. आता त्यांना वारा ओळखणारा ठोकळा हवाय. तू मागे तसा एक करायला घेतला होतास, त्याचं रेखाटन कुठं आहे? कपाटात सापडत नाही. नोंदणीच्या कार्डांचा गठ्ठाही दिसत नाही. पेटी विकत घेतल्यावर लोक नाव-पत्ता भरून पाठवतात ती कार्डं. सामान भरताना चुकून तुझ्या बॅगेत गेली असतील. राहू दे, घाई नाही.

कारखाना चालू आहे. खाली गाळा, वर आपण राहतो त्या खोल्या, सगळं तेच. तू असताना आम्ही नऊजण होतो, आता चौघंच उरलोय. शाळांचं काम गेलं. हौशी माणसं एकेक पेटी मागवतात, तेवढ्यावर भागतं. चिकटवण्याच्या टेबलावर अजून मावशीच बसतात. तुझी खुर्ची मी तिथंच ठेवलीये, पण मावशी तिच्यावर पाण्याची बाटली ठेवतात आणि मी काही बोलत नाही.

आई बरी आहे. ती तुझं नाव काढत नाही, मीही काढत नाही.

जे झालं ते झालं, टिल्लू. चुका माणसांकडूनच होतात. मी तुला कधी एका शब्दानं दोष दिलाय का? मग चौदा महिने कोणी सख्ख्या बहिणीशी असा अबोला धरतं का रे?

चिमीला शाळेत कितवी आली ते विचारल्याचं सांग. नाही, तसं नको. नुसतं आत्यानं आठवण काढली म्हणून सांग.

तुझी ताई

---

३ मार्च

टिल्लू,

उत्तर आलं नाही. येईल असं धरलंही नव्हतं. तरी पोस्टमनच्या वेळेला मी गाळ्याच्या दारात काहीतरी काम काढते आणि मावशी हसतात.

आज एक पत्र आलं. त्या मुलीच्या आईचं.

ती मुलगी म्हणजे कुठली, हे तुला सांगायला नको. तिच्या थोरल्या बहिणीनं शाळेतून आपली पेटी घरी आणली होती. एका ठोकळ्याच्या कडेचा चुंबक सुटला, दुसऱ्याचाही सुटला. पाच वर्षांच्या पोरीनं चमकतंय म्हणून दोन्ही गिळले. पोटात ते आतड्याच्या दोन वेढ्यांतून एकमेकांना चिकटले आणि मधलं सगळं चिमटीत धरून बसले. चार दिवस घरचे पोटदुखी समजून औषध देत होते. मग ऑपरेशन झालं. वाचली. हे सगळं आपण दोघांनी मुख्याध्यापिकाबाईंच्या खोलीत शेजारी शेजारी बसून ऐकलं होतं.

आता तिच्या आईनं काय लिहिलंय ते उतरवून देते:

"बाई, मी तक्रार करायला लिहीत नाही. पोरगी आता शाळेत जाते. पोटावर व्रण आहे, तो ती सगळ्यांना दाखवते. तुमच्या कंपनीचं पत्र मला तेव्हा आलं होतं. त्यात होतं की लहान मुलांच्या हाती पेटी देताना मोठ्यांनी लक्ष ठेवायचं असतं. मी तेव्हा मशीनवर होते. शिवणकाम करते. मुली मागच्या खोलीत खेळत होत्या. सासूबाई रोज म्हणतात, तू बघितलं असतंस तर हे झालं नसतं. मला एवढंच विचारायचंय, लक्ष ठेवलं असतं तर मला काय दिसलं असतं? चुंबक सैल झालाय हे बाहेरून कळतं का? कळत असेल तर चूक माझी. एकदा नक्की कळू द्या, म्हणजे मी मनाची समजूत घालीन."

कंपनीचं ते पत्र मी लिहिलं होतं. देखरेखीचं वाक्य वकिलानं सुचवलं होतं, पण सही माझीच होती.

तिला काय उत्तर देऊ? तुझ्याशिवाय मी हे कोणाला विचारू शकत नाही, म्हणून विचारते. बाहेरून कळतं का?

ताई

---

१४ मार्च

टिल्लू,

मागच्या पत्रात मी तुला विचारलं, बाहेरून कळतं का. मला माहीत आहे की कळत नाही. मी वेळ काढत होते. आता खरं लिहिते, आणि हे पत्र पुन्हा न वाचता पाकिटात घालणार आहे, नाहीतर मी त्यातलं काहीतरी खोडीन.

तू त्या हौशी लोकांच्या प्रदर्शनाला तीन दिवस गेला होतास. शाळेच्या दोनशे चाळीस पेट्या सोमवारी द्यायच्या होत्या आणि दुकानांच्या साठ त्याच्या जोडीला होत्या. गुरुवारी दुपारी बघते तर अर्ध्याहून जास्त ठोकळ्यांत चुंबक बसवायचेच होते. तू घालून दिलेला नियम, दोन नळ्यांचा गोंद समसमान कालवायचा आणि ठोकळे पूर्ण एक दिवस हलवायचे नाहीत. तसं करायला गेलं तर सोमवार हुकत होता.

मी समोरच्या दुकानातून झटपट गोंदाच्या डब्या आणल्या. दहा सेकंदांत धरतो तो.

मावशींनी डबी हातात घेऊन बघितली. म्हणाल्या, "ताई, भाऊंना विचारलंत का?"

मी म्हटलं, "भाऊ प्रदर्शनात आहेत, गर्दीत फोन लागत नाही."

मी फोन लावलाच नव्हता.

मावशी म्हणाल्या, "ह्यानं चिकटवलेलं आपटलं की सुटतं हो. माझ्या चपलेचा बघा ना."

मी म्हटलं, "मावशी, चपलेवर माणूस चालतो. ठोकळ्यावर कोण चालणारे?" सगळ्या हसल्या. मावशीही हसल्या आणि कामाला लागल्या. माझ्या विनोदांना लोक हसतात, हे माझं जन्मापासूनचं नशीब.

तू रविवारी आलास. गाड्या भरून गेलेल्या. रिकामी टेबलं बघून म्हणालास, "ताई, एवढं सगळं वेळेत कसं बसवलं?" मी म्हटलं, "सगळ्यांनी हात चालवले." तू खूश झालास. मावशींना पेढ्यासारखं काहीतरी आणून दिलंस, मला आठवतंय, कारण त्या घेईनात.

मग सात आठवड्यांनी मुख्याध्यापिकाबाईंचा फोन.

त्यांच्या खोलीत तो सरकारी तपासनीस होता. त्यानं विचारलं, "चुंबक चिकटवायचं काम कोण बघतं?" टिल्लू, मी तेव्हा ठरवून बोलले नाही, एवढं तरी मला माझ्या बाजूनं म्हणू दे. ते आपोआप आलं. मी म्हटलं, "माझा भाऊ." आणि ते खोटं नव्हतं. म्हणून तर इतकं सहज बाहेर पडलं. तू माझ्याकडं बघितलंस. मग त्याच्याकडं वळून म्हणालास, "हो. मी बघतो."

शाळेनं पेट्या परत केल्या, त्या मी फोडून भंगारात घातल्या. दुकानांतून घरोघर गेलेल्या साठ पेट्यांबद्दल तपासनिसानं विचारलं, तेव्हा मी सांगितलं की त्या आधीच्या मालातल्या आहेत, त्यांत दोष नाही. त्या त्याच तीन दिवसांतल्या होत्या. साठ घरांत त्या आजही आहेत. मी रोज सकाळी वर्तमानपत्र उघडते ते भीतभीत. पान दोनपर्यंत काही नसलं की चहा घेते.

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. पहिल्यांदा तुला सांगते, आणि त्यानं काही मोठं केल्यासारखं मला वाटत नाही. पंधरा महिने उशिरा सांगते आहे.

त्या बाईला मी पत्रानं कळवणार होते. कागद घेतला आणि लक्षात आलं, पत्रात मी पुन्हा गोड शब्द शोधीन. मी जाऊनच येते.

ताई

---

२ एप्रिल

टिल्लू,

जाऊन आले.

तिसरा मजला. जिन्यात कोणीतरी सायकल अशी लावलेली की प्रत्येकानं अंग चोरून जायचं. दार तिनंच उघडलं. माझ्यापेक्षा बरीच लहान, तिशीची असेल, गळ्यात मोजायची टेप, ओठात टाचणी. मी कोण ते सांगितल्यावर तिनं आधी ती टाचणी काढून टाचण्यांच्या उशीत खोचली आणि मग म्हणाली, "या."

खोलीत मशीन, कापडाचे गठ्ठे आणि एक खाट. मुलगी खाटेवर पालथी पडून चित्रं रंगवत होती. "ह्या बघ, ठोकळेवाल्या बाई," आई म्हणाली. मुलीनं लगेच फ्रॉक वर करून व्रण दाखवला. "सतरा टाके," म्हणाली. वर, "माझ्या वर्गात कोणाचेच एवढे नाहीत." मग मला विचारलं, "तुमचे किती?"

मी म्हटलं, "माझे एकही नाही गं."

"हात्तिच्या," म्हणाली आणि परत रंगवायला लागली.

आईनं तिला शेजारी पाठवलं. मला पाणी दिलं. मी पाणी हातात धरूनच बोलायला सुरुवात केली, कारण पिऊन झाल्यावर बोलायचं ठरवलं असतं तर मी सावकाश प्यायले असते. सगळं सांगितलं. गोंद कुठला असायला हवा होता, कुठला लावला, का लावला, कोणी ठरवलं. चुंबक सैल झालाय हे बाहेरून दिसत नाही, तुम्ही मांडीवर पेटी घेऊन बसला असतात तरी दिसलं नसतं. देखरेखीचं वाक्य मी स्वतःला वाचवायला लिहिलं होतं.

ती ऐकत होती. माझं बोलून झाल्यावर उठली, आतल्या खोलीच्या दाराशी गेली आणि म्हणाली, "आई, जरा बाहेर या."

सासूबाई आल्या. पदराला हात पुसत, मला बघून जरा हसल्याही. सून म्हणाली, "बसा." त्या खाटेवर बसल्या. मग ती माझ्याकडं वळली.

"परत सांगा."

मी गोंधळले. "काय?"

"आत्ता मला जे सांगितलंत ते. पहिल्यापासून. काही गाळू नका."

टिल्लू, पहिल्यांदा सांगणं सोपं होतं रे. पहिल्यांदा सांगताना माणसाला वाटतं, आपण धीट आहोत. दुसऱ्यांदा सांगताना नुसतं जे केलं तेवढंच उरतं. मी मध्येच अडखळले, तर तिनंच आठवण दिली, "तुमच्या मावशींनी विचारलं होतं तुम्हाला, ते राहिलं." मी तेही सांगितलं.

म्हातारी खाटेवर पडलेले रंगीत खडू एकेक करून डबीत भरत बसली. सगळे भरून झाले, झाकण लावलं, तरी डबी हातातच. मग सुनेला म्हणाली, "तू सकाळपासून मशीनवर आहेस. मी कणीक मळते." आणि आत गेली. एवढंच. पण सून ज्या तऱ्हेनं त्या रिकाम्या दाराकडं बघत राहिली, ते मला तिथं बसून बघवेना.

मी माफी मागितली. ती म्हणाली, "ते तुमचं तुम्ही बघा. मला एक सांगा, असल्या पेट्या अजून कुठं आहेत?"

मी सांगितलं, साठ.

तिनं माझ्याकडं असं बघितलं, की तोवर ती माझ्यावर रागावलीच नव्हती हे मला तेव्हा कळलं.

"आणि तुम्ही माझ्याकडं आधी आलात?" म्हणाली. "जा तुम्ही. उठा आधी. जा."

पाण्याचा पेला भरलेलाच राहिला.

तिथून मी सरळ त्या तपासनिसाच्या कचेरीत गेले. तो जेवायला गेला होता. बाकावर तासभर बसले. आल्यावर सगळं लिहून दिलं, सही केली. तो वाचत असताना मी त्याच्या टेबलावरच्या काचेखालचे फोटो बघत होते. वाचून झाल्यावर त्यानं एवढंच विचारलं, "पंधरा महिने का थांबलात?" मी म्हटलं, "धीर होत नव्हता." त्यानं ते उत्तर जसंच्या तसं कागदावर लिहिलं. कार्यालयीन कागदावर ते फार वेडंबागडं दिसत होतं. विक्री बंद करायचा हुकूम त्याच आठवड्यात आला. दुकानांत आणि वर्तमानपत्रात सूचना लावली, माझ्या नावानं. वीस दिवसांत पेट्या परत मागवायच्या आहेत. पण सूचना वाचतं कोण? कार्डं असती तर दारोदार गेले असते.

ती कार्डं तुझ्याकडं आहेत का? या वेळी खरंच कामासाठी विचारते आहे.

ताई

---

२० एप्रिल

टिल्लू,

तुझं पार्सल काल आलं. दोरीची गाठ बघूनच कळलं तुझं आहे. सुटता सुटेना, शेवटी मावशींनी कात्री आणली.

वर कार्डांचा गठ्ठा, खाली तुझी चिठ्ठी. मी आधी कार्डं उलटली. पहिल्या कार्डाच्या मागं तुझ्या बारीक अक्षरात तारीख: "पेटी आणली. चुंबक काढून आतून टोपी लावून बसवले. परत दिली." दुसऱ्यावर तसंच. तिसऱ्यावर. तारीख तू इथून गेलास त्यानंतर नवव्या दिवसाची.

मग चिठ्ठी वाचली. ती मला आता पाठ झालीये.

"ताई, साठपैकी एकोणचाळीस झाल्या. फोन करून सांगायचो की सुधारणा करायची आहे, फुकट आहे. लोक चांगले असतात. रविवारी जाऊन आणायचो, पुढच्या रविवारी पोचवायचो. राहिलेल्या एकविसांच्या मागं होतो. आता सूचना निघाली, बरं झालं.

"त्या पोरीच्या पेटीतला ठोकळा मुख्याध्यापिकाबाईंच्या खोलीत मी हातात घेतला होता. खाचेत पांढरा थर होता. झटपट गोंद वाळला की कडेला असा पांढरा धुरकटपणा राहतो. आपल्या गोंदाचा राहत नाही. तेव्हाच कळलं.

"विचारलं का नाही म्हणशील. विचारलं असतं तर तू खोटं बोलली असतीस. तुझं खोटं मी एकदा तोंडावर ऐकलं असतं, तर पुढं तुला ताई म्हणून हाक मारणं जमलं नसतं. म्हणून निघालो. मला इथं काम बरं आहे, दवाखान्यांची यंत्रं दुरुस्त करतो.

"एक सांगतो, ते ऐक. आईला सांगू नकोस. तिला तुझ्याजवळ राहायचंय. म्हातारपणी तिनं तुझ्याकडं कसं बघायचं?"

मी गाळ्यातच बसले होते. मावशींनी विचारलं, "भाऊ काय म्हणतात?" मी चिठ्ठी त्यांच्या हातात दिली. त्यांना सावकाश वाचता येतं, सावकाश वाचली. मग तुझ्या खुर्चीवरची पाण्याची बाटली उचलून खाली ठेवली आणि चष्मा पुसत बसल्या.

सोळा महिन्यांचे रविवार, टिल्लू. आणि मी इथं बसून तुला अबोला धरणारा म्हणत होते.

राहिलेले एकवीस पत्ते मी घेतलेत. उद्यापासून निघते.

तुझी म्हणायला आता लाज वाटते, पण दुसरं काय लिहू?

ताई

---

११ जून

टिल्लू,

एकवीसपैकी वीस मिळाल्या.

एका दाताच्या डॉक्टरनं आपल्या ठोकळ्यांची "पुढचा पेशंट" सांगणारी घंटा केली होती. देईना. मी सगळं समजावून सांगितल्यावर म्हणाला, "अहो, पण माझे पेशंट घंटा ऐकून पळत नाहीत, हाक मारली की पळतात." शेवटी दिली. एका घरात दोन बहिणींनी खोलीच्या दाराला पहारेकरी लावलेला, आईबाप आले की दिवा लागायचा. आईबापांना माहीत होतं आणि ते मुद्दाम पाय वाजवत यायचे. तुझे ठोकळे लोकांच्या घरात असे राहतात हे मला माहीतच नव्हतं. मी कायम खोकी मोजत बसले.

सतराव्या घरी मी ठोकळा नुसता उचलला आणि चुंबक माझ्या तळहातावर सुटून आला. समोर जमिनीवर एक रांगतं मूल माझ्याकडं बघून लाळ गाळत हसत होतं. त्याच्या आजोबांनी विचारलं, "काय झालं बाई, बसता का?" मी बसले. चुंबक मुठीत घट्ट धरून ठेवला.

शेवटच्या पेटीचं कुटुंब घर बदलून गेलंय. शोधून काढलं, तर ते म्हणतात हलवाहलवीत टाकून दिली, नक्की आठवत नाही. मी दोनदा विचारलं. नक्की आठवत नाही. ते तसंच राहणार आहे. तपासनिसालाही तसंच लिहून दिलं.

विक्री अजून बंदच आहे. पुढं काय ते त्यांच्या हातात. मावशींना आणि बाकी दोघींना सध्या दुसरीकडं काम मिळालंय. रेखाटनं मी तुझ्या नावानं बांधून ठेवली आहेत, ती तुझीच आहेत. पोस्टमास्तरांना कळवलं तर म्हणाले, मी थांबतो, माझ्याकडं वेळच वेळ आहे.

आता जे सांगायला हे पत्र लिहिते ते.

तुझं सांगणं मी दीड महिना पाळलं. खरं सांगू? मला ते फार सोयीचं होतं. तूच सांगितलंस म्हणजे मी तुझा शब्द मोडत नाही, असं स्वतःला समजावत होते. तू एवढा चांगला वागलास की त्याच्या आड मी आणखी एकदा लपले.

गेल्या मंगळवारी दुपारी आई गच्चीत वाळलेले कपडे घड्या करत होती. मी दुसरं टोक धरायला गेले आणि चादर घडी करता करता सांगितलं. चादर संपली, मी बोलतच होते. ती उशीचा अभ्रा घडी करत होती. उलगडला, परत घडी केली. परत उलगडला.

मग म्हणाली, "तो जिन्याच्या पायरीवर बसून बूट घालत होता. मी त्याला म्हटलं, एका पोरीच्या पोटात तू लोखंड घातलंस, माझ्यासमोर तोंड घेऊन येऊ नकोस. तो म्हणाला, हो आई." अभ्रा तिनं मांडीवर ठेवला. "तेव्हा तू कुठं होतीस?"

मी म्हटलं, "दारामागं."

"ऐकत होतीस?"

"हो."

ती उठली. कपड्यांची चळत स्वतःच उचलून खाली घेऊन गेली, मला हात लावू दिला नाही. दोन दिवस माझ्या हातचं जेवली, पण माझ्याशी बोलली नाही. आज सकाळी मी हे पत्र लिहायला बसले, तर मागून येऊन उभी राहिली. म्हणाली, "त्यालाच ना? खाली जागा सोड." तिला काय लिहायचंय ते मला माहीत नाही. मी आता उठते आणि पेन तिला देते. ती लिहील ते न वाचता पाकीट बंद करीन.

ताई

टिल्लू,

मी आई. हातात पेन धरून किती वर्षं झाली, अक्षराला हसू नकोस.

पायरीवर बोलले ते मी परत घेते. असं परत घेता येत नाही हे मला कळतं, तरी घेते. तू मला नाही का म्हणाला नाहीस? आईला नाही म्हणायला काय होतं? हो कशाला म्हणालास?

हिच्यावर मी रागावले आहे. ते माझं आणि तिचं, तू मध्ये पडू नकोस, आणि तिची बाजूही घेऊ नकोस, मला माहीत आहे तू घेशील.

रविवारी सकाळच्या बसनं मी येते. एकटीच येते. चिमीला तोवर काही सांगू नका, मी सांगीन. मला गर्दीत पटकन उतरता येत नाही. सगळे उतरून झाले तरी मी दिसले नाही, तर मी नाही आले असं समजून निघून जाऊ नकोस. बसच्या दाराशी थांब.